गाडीचा तोल : एका बाप-लेकीचा दोन दिवसांचा मुक्काम

गाडी बैलांची असो, ट्रॅक्टरची असो वा मोटारीची असो. जी गाडी दुसऱ्याने ओढावयाची असते तिचा तोल ती भरणाऱ्याच्या हाती असतो. ओढणाऱ्याची ताकद कितीही मोठी असली, तरी भार चुकीच्या जागी पडला म्हणजे ती ताकद कामास येत नाही. आपल्याकडील जुन्या गाडीवानांस ही गोष्ट कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. बैलांच्या मानेने व स्वतःच्या खांद्याने ती त्यांना शिकविली होती. हे जुने ज्ञान हजारो कोस दूरच्या देशात एका रस्त्यावर कसे उपयोगी पडले, आणि तेथून कोणते नवे ज्ञान गावी परत आले, याची ही हकीकत आहे. उसाच्या वाहतुकीचा हंगाम जवळ आला असता ती वाचणे आपणांस उपयुक्त ठरेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात एक ऊस बागायतदार आहेत. वय पासष्टीच्या पुढे. घरात सर्वजण त्यांना आबा म्हणतात. आयुष्याची पहिली वीस-बावीस वर्षे त्यांनी कारखान्यावर बैलगाडीने ऊस वाहिला. पुढे बैल गेले व दाराशी ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. त्यांची कन्या अमेरिकेतील आयोवा राज्यात, डे मॉइन या राजधानीच्या शहरी नोकरीस आहे. बऱ्याच वर्षांच्या आग्रहानंतर आबा सप्टेंबरच्या अखेरीस तिच्याकडे गेले. आयोवा हा मक्याचा व सोयाबीनचा मुलूख. काळीभोर, खोल जमीन आणि दृष्टी पोचेल तेथपर्यंत वाळलेला मका पाहून आबांचे मन रमले. परंतु शहरातील घरात बसून राहणे त्यांना जमेना. तेव्हा कन्येने शनिवार-रविवारची सुटी साधून, चाकांवरचे एक घर भाड्याने घेतले व वडिलांना रानात मुक्कामास नेण्याचे ठरविले.

चाकांवरचे घर

या घरास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागे जोडावयाची ही एक बंद गाडी असते. आत निजावयाच्या दोन-तीन जागा, गॅसची शेगडी, शीतपेटी, मोरी व संडास असतो. बाहेरून पाहता ती चैनीची वस्तू वाटते. परंतु तिचे मूळ शेतीच्याच कामात आहे. १८८० नंतरच्या काळात वायोमिंग राज्यातील मेंढपाळ कापडाच्या छताच्या गाडीत चूल व बिछाना घेऊन कळपामागे महिनोन्महिने फिरत असत. एअरस्ट्रीम नावाचे चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर ज्यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणले, त्या वॉली बायम यांनीही लहानपणी ओरेगॉन राज्यात मेंढ्या राखल्या होत्या, आणि त्या दिवसांत ते अशाच एका छोट्या गाडीत राहत. आपल्याकडील धनगर बांधव घोड्यावर बिऱ्हाड लादून दिवाळीनंतर बाहेर पडतात. गरज तीच, साधन निराळे.

आयोवात चाकांवरून शेतीचे ज्ञानही फिरले आहे. १९०४ साली तेथील कृषी महाविद्यालयाचे प्राध्यापक पेरी होल्डन यांनी आगगाडीच्या डब्यांत मक्याचे बियाणे व तक्ते मांडून गावोगावच्या स्थानकांवर शेतकऱ्यांना व्याख्याने दिली. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहावी, एवढीच त्यांची मुख्य शिकवण होती. गाडी स्थानकावर थोडाच वेळ थांबे, तेवढ्यात शेतकरी जमत व ऐकून जात. विस्तार कार्य करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या तासातील प्रसंग

शुक्रवारी दुपारी बाप-लेक निघाले. जावयाचे होते ते बॅकबोन नावाच्या राज्य उद्यानात. १९२० साली स्थापन झालेले हे आयोवातील पहिले राज्य उद्यान. माकोकेटा नदीच्या वळणात चुनखडीचा एक उंच, अरुंद खडक पाठीच्या कण्यासारखा उभा आहे; त्यावरूनच हे नाव पडले. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. कन्येने ट्रेलरचे पुस्तक वाचले होते व भरणी स्वतः केली होती. रानात पाणी मिळो वा न मिळो, म्हणून तिने पाण्याची टाकी घरीच काठोकाठ भरली. शेकोटीसाठी जळाऊ लाकडाचे गठ्ठे व शिधासामानाच्या पेट्या मागच्या बाजूच्या कप्प्यात ठेवल्या. कारण त्याचे दार मोठे होते व ठेवणे सोयीचे होते.

मोठ्या रस्त्यास लागल्यावर ट्रेलर मागून किंचित डोलू लागला. वारा उत्तरेचा होता. कन्येस वाटले, वाऱ्यामुळे होत असेल. एवढ्यात एक लांबलचक मालमोटार शेजारून वेगाने पुढे गेली. तिच्या हवेच्या झोताने ट्रेलरचे शेपूट एकदा डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग आणखी जोराने डावीकडे. मोटारीची मागची बाजूही त्याबरोबर ओढली जाऊ लागली. कन्येने वाचलेले तिला आठवले. तिने मोटारीचा ब्रेक दाबला नाही व चक्रही उलटसुलट फिरविले नाही. पाय वेगाच्या पट्टीवरून काढून घेतला, चक्र सरळ धरले आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक तेवढे लावणारी हाताजवळची कळ हळूच दाबली. ट्रेलर मागून ताणला गेला, डोलणे कमी झाले व गाडी सावकाश ताब्यात आली. पुढच्या विश्रांतिस्थळी तिने गाडी उभी केली, तेव्हा तिचे हात थरथरत होते.

आबा खाली उतरले. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागचा कप्पा उघडून पाहिला आणि म्हणाले, “बाळ, गाडी उलाळ झाली आहे.”

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावयास नको. ओझे आंसाच्या मागे अधिक झाले म्हणजे गाडीचे तोंड वर उठते, जू बैलांच्या मानेवरून उचलू लागते व जोत्यांचा गळ्यास फास बसतो. बैलांस ओढता येत नाही आणि गाडीवानास आवरता येत नाही. ओझे पुढे फार झाले, तर सारा भार बैलांच्या मानेवर येऊन माना सुजतात. म्हणून चांगला गाडीवान मोळ्या रचताना मधूनमधून खाली उतरून दांडी हाताने उचलून पाहतो. जू मानेवर टेकलेले असावे. पण मान दबू नये, असा त्याचा बेत असतो.

आबांनी तीच परीक्षा येथे केली. प्रथम चाकांच्या पुढे-मागे पाचरी ठोकून घेतल्या. मग जोड सोडून ट्रेलरची दांडी हाताने उचलून पाहिली. ती एकट्या माणसाच्या हाताने सहज उचलली गेली.

तोलाचा हिशेब

कन्येने तेथेच बसून वहीत हिशेब मांडला. तो सोप्या आकड्यांत येथे देण्यासारखा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या मोटारीवर पडला पाहिजे, असा नियम आहे. भरलेला ट्रेलर १,८०० किलोचा धरला, तर दांडीवर १८० ते २७० किलो भार हवा. मागचे सामान व पाणी नसताना तो १९० किलो होता, असे समजू. आता पाण्याची टाकी आंसाच्या दोन मीटर मागे. तीत १५० लिटर, म्हणजे १५० किलो पाणी. जोड आंसाच्या चार मीटर पुढे. तेव्हा १५० ला २ ने गुणून ४ ने भागले, की ७५ येतात. एवढा भार त्या पाण्याने दांडीवरून उचलून घेतला. लाकूड व पेट्या मिळून १०० किलो, आंसाच्या अडीच मीटर मागे. त्यांनी आणखी ६२ किलो उचलले. १९० मधून हे दोन्ही वजा जाता राहिले ५३ किलो. म्हणजे जेथे दहा टक्के हवेत तेथे तीनच टक्के उरले.

दांडीवरील भार असा घटला, की ट्रेलरचे जड शेपूट लंबकासारखे झुलू लागते. वेग वाढेल तसे झुलणे वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तेव्हा ओढणारी गाडी किती बळकट आहे याला अर्थ राहत नाही.

दुरुस्ती सोपी होती. उद्यानात पिण्याच्या पाण्याची सोय होतीच. म्हणून टाकीतील स्वच्छ पाणी गवतावर सोडून दिले. लाकूड व पेट्या मागून काढून ट्रेलरच्या आत, आंसाच्या एक मीटर पुढे, तळाशी घट्ट बांधल्या. त्यामुळे दांडीवर १९० अधिक २५, असे २१५ किलो आले; एकूण वजन १,६५० किलो झाले; प्रमाण तेरा टक्के. आबांनी पुन्हा दांडीस हात घातला. आता ती हलेना. “आता जू मानेवर बसले,” ते म्हणाले. त्यानंतर वारा तोच राहिला, मालमोटारी तशाच जात राहिल्या; पण ट्रेलर मोटारीच्या मागे शहाण्या खोंडासारखा सरळ चालला.

मागे कोण येत आहे

मोटारीस ट्रेलर पुन्हा जोडताना कन्येने जी कामे केली ती आबा बारकाईने पाहत होते. जोडाची वाटी गोळ्यावर बसवून तिने खटका लावला व खटक्यात खीळ घातली. मग दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या नेऊन मोटारीस अडकविल्या. जोड निसटलाच, तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी या साखळ्यांच्या झोळीत पडते. याशिवाय एक बारीक तार लावली. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. शेवटी दिव्यांची तार जोडून ती चालकाच्या जागी बसली व म्हणाली, “आबा, मागे उभे राहून दिवे लागतात का तेवढे सांगा.” हे काम एकट्याचे नव्हे. एकाने आत कळ दाबावी व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे, असेच ते आहे.

आबा मागे जाऊन उभे राहिले. डावा लागला. उजवा लागला. ब्रेकचा लाल दिवा लागला. आबा प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत होते. सर्व दिवे लागल्यावरही ते काही वेळ तेथेच उभे राहिले.

सीडर रॅपिड्स शहर मागे टाकून गाडी लहान रस्त्यास लागली तेव्हा दिवस मावळत होता. मक्याची कापणी चालू होती आणि दाण्यांनी भरलेल्या गाड्या घेऊन ट्रॅक्टर रस्त्यावर येत होते. दूरवर, ट्रॅक्टर स्पष्ट दिसण्याच्याही आधी, नारिंगी रंगाचा एक त्रिकोण दिसू लागे. जवळ जाता मोटारीच्या दिव्यात त्याची लाल किनार निखाऱ्यासारखी उजळे. आबांनी ते काय आहे असे विचारले. ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या मंद गतीने चालणाऱ्या वाहनांची ती खूण आहे, असे कन्येने सांगितले. ओहायो राज्य विद्यापीठातील कृषी अभियंत्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ती तयार केली. मधला नारिंगी भाग दिवसा व संधिप्रकाशात डोळ्यांत भरतो. कडेची लाल पट्टी रात्री मागच्या वाहनाचा उजेड परत फेकते. तिला वीज लागत नाही, तार लागत नाही. मागून वेगाने येणाऱ्यास ती एवढेच सांगते की, पुढे सावकाश चालणारे कोणी आहे.

आबा यावर काही बोलले नाहीत.

शेकोटीजवळ

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर कन्येने आधी ट्रेलरची डावी-उजवी बाजू फळ्या घालून समतल केली, मग चाकांना पाचरी लावल्या, आणि मगच मोटार सोडली. हा क्रम चुकू नये. मोटार आधी सोडली व चाके मोकळी राहिली, तर उतारावर गाडी आपली वाट धरते. पुढचा-मागचा समतोल तिने दांडीखालच्या जॅकने साधला.

जळणाचे गठ्ठे सोडताना दोघांस उद्यानातील एक सूचना दिसली : जेथे जाळावयाचे तेथेच जळण विकत घ्या, दुरून आणू नका. याचे कारण आपल्या शेतकऱ्यांस चटकन कळेल. ॲश नावाच्या वृक्षाच्या सालीखाली अळी अवस्थेत राहणारा, पाचूच्या रंगाचा एक भुंगेरा आशियातून अमेरिकेत आला. २००२ साली तो मिशिगन राज्यात प्रथम ओळखला गेला व २०१० साली आयोवात सापडला. त्याची अळी सालीखाली पोखरून झाडाचा अन्नरस तोडते. कोट्यवधी झाडे याप्रमाणे वाळून गेली. भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही. त्याला लांब नेले ते मुख्यतः लाकडाची व रोपांची ने-आण करणाऱ्या माणसांनी, आणि त्यांत मुक्कामास जळण घेऊन जाणारे पुष्कळ होते. आपल्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या जळणासाठी बांधावर रचून ठेवतात, आणि त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत निजून राहते. प्रकार तोच. आणलेले लाकूड बाप-लेकीने त्याच रात्री सालीसकट जाळले. एक ढलपीही मागे ठेवली नाही.

आबांनी शेकोटीवर तवा ठेवून ज्वारीच्या भाकरी थापल्या. कन्येने पिठले केले. जेवण झाल्यावर थंडी वाढली, तेव्हा आबांनी निखारे एका पातेल्यात भरून आत नेण्याची तयारी केली. कन्येने त्यांना हात धरून थांबविले. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. निजलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. ट्रेलरमध्ये त्यासाठी सूचना देणारे यंत्र बसविलेले असते. स्वयंपाकाच्या गॅससाठीचे यंत्र निराळे, व ते जमिनीलगत असते, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. आबांनी पातेले पुन्हा शेकोटीत रिकामे केले. “गावी आम्ही हिवाळ्यात दार लावून शेगडी पेटवतो,” ते म्हणाले. “दैव बरे म्हणावयाचे.”

मग बराच वेळ दोघे शेकोटीपाशी बसून राहिले. कन्येचा थोरला भाऊ सात वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, रात्रीचे पाणी देऊन मोटारसायकलने घरी येत असता वारला होता. टायर फुटल्यामुळे उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी करून ठेवलेली होती. तिला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, शेजारी पेटता पलिताही नव्हता. कन्या त्या वेळी येथेच होती. अंत्यविधीस पोचू शकली नाही. पुढे ती दोनदा गावी जाऊन आली; परंतु त्या रात्रीविषयी बाप-लेकीत एकही शब्द झाला नव्हता. तिला वाटे, आबांना दुःख होईल. आबांना वाटे, तिला होईल.

आबाच प्रथम बोलले. “ती ट्रॉली दुसऱ्याची होती. सारे गाव त्याला बोलले. मी बोललो नाही. का, ते कोणी विचारले नाही.”

कन्या वाट पाहत राहिली.

“आपल्या ट्रॉलीलाही त्या वेळी दिवा नव्हता. तार तुटून दोन वर्षे झाली होती. आज करू, उद्या करू असे म्हणत राहिलो. त्या रात्री आपली ट्रॉली दारात उभी होती, एवढाच फरक. आणि बाळ, अजूनही तिला दिवा नाही. तिच्याकडे पाहिले की हात पुढे जात नाही.”

कन्येने शेकोटीतील लाकूड सारखे केले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आबा, आज मागे उभे राहून तुम्ही दिवे सांगत होता, तेव्हा मला दादाच आठवला.” एवढेच दोघांचे बोलणे झाले. परंतु सात वर्षे जे ओझे दोघांनी वेगवेगळे वाहिले होते, ते त्या रात्री आंसावर आले.

परतीची कामे

शनिवारी दोघे कण्यासारख्या त्या खडकावरून चालत गेले आणि १९३० च्या दशकातील मंदीत सरकारी योजनेतून बेरोजगार तरुणांनी बांधलेली दगडी कामे त्यांनी पाहिली. रविवारी निघण्यापूर्वी सांडपाण्याची विल्हेवाट लावावयाची होती. ट्रेलरमध्ये मोरीचे पाणी एका टाकीत व संडासाचे दुसऱ्या टाकीत साठते. ते रानात कोठेही सोडता येत नाही; त्यासाठी नेमलेल्या कुंडातच रिकामे करावे लागते. आधी संडासाची टाकी व मागाहून मोरीची, म्हणजे शेवटच्या पाण्याने नळी धुऊन निघते. यात्रेच्या व ऊसतोडीच्या मुक्कामी सांडपाण्याची व्यवस्था नसल्यामुळे आपल्याकडे ओढे व विहिरी दूषित होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या शिस्तीचे मोल कळेल.

निघताना कन्येने टायरांतील हवा थंड असतानाच तपासली, चाकांच्या नटांवर पाना फिरविला, साखळ्या अडकविल्या. मग काही न सांगता आबा मागे जाऊन उभे राहिले.

आपल्या ट्रॉलीसाठी

या प्रवासातून जे निष्पन्न झाले ते आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस जवळजवळ जसेच्या तसे लागू आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाळप हंगामापूर्वी पुढील गोष्टी शेतकरी व चालक यांच्यासमवेत प्रत्यक्ष ट्रॉलीजवळ उभे राहून समजावून सांगाव्यात.

१. दोन चाकी ट्रॉलीत भार आंसाच्या किंचित पुढे राहील असा भरावा. मागे जास्त झाला तर ड्रॉबार वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. पुढे फार झाला तर ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन वळण घेत नाहीत, व चढावर तोंड वर उठते.

२. ट्रॉली ड्रॉबारलाच जोडावी. त्याहून उंच जागी जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो.

३. हुकाची पिन योग्य जाडीची असावी व तिला खालून खीळ असावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. जोडीला बळकट साखळी अवश्य लावावी.

४. रस्त्यावर चालविताना ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक एकत्र जोडलेले असावेत. उतारावर गाडी मोकळी सोडू नये. लहान गिअरमध्येच उतरावी.

५. ट्रॉलीच्या मागील बाजूस दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर असावेत. मोटार वाहन नियमांनुसार ते आवश्यकच आहेत. उसाचे शेंडे त्यांवर लोंबत असतील तर ते असून नसल्यासारखे. म्हणून भरणी झाल्यावर शेंडे छाटावेत व चिखल पुसावा.

६. वाटेत ट्रॉली बंद पडल्यास ती रस्त्याच्या कडेस पूर्ण उतरवावी, चाकांना दगड लावावेत, आणि मागे बऱ्याच अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवावा. काम झाल्यावर रस्त्यातील दगड काढून टाकण्यास विसरू नये. रात्री ट्रॉलीपाशी माणूस ठेवल्यावाचून निघून जाऊ नये.

७. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे. तीत किंवा उसाच्या भरावर माणसे बसवू नयेत.

या सात गोष्टींपैकी एकीसही फार खर्च नाही. रिफ्लेक्टरची पट्टी लावण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मिळत नाही, एवढीच अडचण असते. आणि ती अडचण किती महाग पडू शकते, हे नेवासे तालुक्यातील त्या घरास विचारावे.

आबा ऑक्टोबरच्या अखेरीस गावी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॉली अंगणात ओढून घेतली. नव्या तारा ओढल्या, दिवे बसविले, मागे लाल पट्ट्या लावल्या, हुकास साखळी जोडली. थोरल्या मुलाचा मुलगा आता वीस वर्षांचा आहे. पुढे शेती त्यालाच पाहावयाची आहे. आबांनी त्याला ट्रॅक्टरवर बसविले व आपण ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहिले.

“दाब,” ते म्हणाले. नातवाने ब्रेक दाबला.

“लागला,” आबांनी मोठ्याने सांगितले.